सरोजाक्काचा दहावा पत्ता

सरोजाक्का, तुझी शोकसभा झाली. तिला शोकसभा म्हणायचं नाही असं तुझ्या भाचीने, मधुराने, सगळ्यांना आधीच बजावलं होतं. एचएसआर लेआउटमधल्या तिच्या इमारतीच्या क्लबहाउसमध्ये तुझ्या 'जगण्याचा उत्सव' होता आणि उत्सवाला पांढरे कपडे घालून यायचं होतं. मी आणि शैला येलहंक्याहून दोन बस बदलून पोहोचलो, तेव्हा एक बाई पितळी वाटीच्या कडेने लाकडी दांडा फिरवत होती आणि वाटी गुणगुणत होती. सरोजा मॅडमची ऊर्जा या खोलीत आहे, असं ती म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. मला वाटीचा आवाज जाणवला आणि शेजारच्या गृहस्थांच्या खिशातला थरथरणारा मोबाइल जाणवला.

मग लोक बोलले. तुला चित्रं स्वप्नात दिसायची म्हणे. टॅरोचे पत्ते तुझ्याशी बोलायचे म्हणे. एकाने तर तू 'अज्ञाताची प्रवासी' असल्याचं सांगितलं. मी तुझ्याबरोबर नऊ वर्षं प्रवास केला आहे, तो बहुतेक वेळा २८१ नंबरसारख्या कुठल्यातरी बसने, आणि तुझ्या पिशवीत अज्ञात काही नसायचं. एक पक्कड, एक नखं कापायची कात्री, त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि चिवड्याचा डबा. हे उठून सांगावंसं वाटलं. उठलो नाही. कारण शेवटचे आठ महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि तुझ्या बावीस पत्त्यांपैकी दहावा माझ्या कपाटात, बनियनांच्या खाली होता.

निघताना, तुला दोड्डम्मा, म्हणजे थोरली मावशी, म्हणणाऱ्या मधुराने गाठलंच. "काका, कोरमंगलाला एक हॉल मिळालाय. दोड्डम्माची सगळी कार्डं लावणार. माझ्याकडे एकवीस आहेत. दहावं तुमच्याकडे ना?"

"आहे."

"आणि प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी हव्यात. म्हणजे तिला इन्स्पिरेशन कुठून मिळालं. ते तुमच्याशिवाय कुणाला माहीतच नाही, काका."

एकवीस पत्त्यांचं मला माहीत होतं. दहाव्याचं तू सांगितलं होतंस आणि मी तुला तोंडावर खोटारडी ठरवलं होतं. माझ्या वडिलांच्या फोटोमागचा कागद तू चोरलास, असा माझा आरोप होता. तू गेलीस आणि आरोप तसाच राहिला. आता त्याच पत्त्याखाली मला दोन ओळी लिहायच्या होत्या.

आपली ओळख कशी झाली ते तुला आठवत असेल, पण उत्सवातल्या मंडळींना ठाऊक नसल्यामुळे लिहितो. बेळगावच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवून मी नुकताच मुलीपाठोपाठ इकडे राहायला आलो होतो. आमच्या लग्नाच्या फोटोची काच सामानात तडकली, म्हणून येलहंक्याच्या जुन्या गावातल्या फ्रेमवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. तू तिथे स्टुलावर बसली होतीस, जणू दुकान तुझं. फ्रेमवाल्याने आमच्या फोटोमागची फळी काढली तर आतून साडीच्या खोक्याचं झाकण निघालं, त्यावर अर्धा मोर. चित्र सैल बसू नये म्हणून फ्रेमवाले चित्राच्या आणि फळीच्या मध्ये हाताला येईल तो कागद भरतात, हे मला तेव्हा कळलं. मी शैलाशी मराठीत काहीतरी पुटपुटलो आणि तू माझ्या हातावरून हात घालून मोर उचललास.

"फोटो आमचा आहे," मी म्हटलं.

"फोटो ठेवा हो तुम्ही. मोर द्या."

मला वाटलं, बाई वेडसर आहे. लगेच दुसरं वाटलं, की त्या मोरात काहीतरी किंमत असणार, नाहीतर ही मागते कशाला. संशय घेणं हा माझा पेशाच होता. छापलेल्या प्रत्येक शब्दाकडे मी आयुष्यभर चोराकडे पाहावं तसं पाहिलं. तू मोर पिशवीत टाकलास आणि आम्हाला घरी नेऊन उप्पिट्टू खायला घातलंस.

तू कृषी महाविद्यालयात पिकांच्या रोगांची चित्रं काढायचीस. तीस वर्षं तू पानांवरचे डाग रंगवलेस. तुमचं घराणं इकडे इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की तुझ्या मराठीत निम्मी कानडी विरघळून गेली होती. मी पहिल्याच भेटीत तुझी दोन वाक्यं सुधारली. तू ऐकून घेतलंस, विचारलंस, "वडील काय करायचे?" मी म्हटलं, हेडमास्तर होते. तेव्हापासून मी तुझ्यासाठी 'धाकटे मास्तर' झालो. शैलाला मात्र तू पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारलीस आणि तिची वाक्यं नेहमी बरोबर असतात असंही सांगितलंस.

टॅरोचे पत्ते तुला मधुराने वाढदिवसाला दिले. तू ते एकेक करून उन्हात धरून पाहिलेस, आंबे निवडतात तसे. "सगळी थंडीतली माणसं रे ही," म्हणालीस. "अंगावर झगे, डोक्यावर टोप. यांना आपल्याकडची स्वप्नं कशी पडतील?" मग ठरवलंस की त्यातले मुख्य बावीस आपण चिकटचित्रांनी नव्याने करायचे.

"म्हणजे तू आता भविष्य सांगणार," मी म्हटलं.

"भविष्य कुणाला हवंय? बावीस विषय फुकट मिळालेत. वेडा, जोगी, चंद्र, बुरूज. कुणी दिले असते मला?"

माझा विश्वास बसला नाही. साठी उलटलेली बाई पत्ते घेऊन बसते तेव्हा ती नुसती चित्रं बघत नसते, असं मला वाटायचं. तुझ्या नकळत मी तुझ्यावर लक्ष ठेवायचो. सापडलं काही नाही. एकदा तू शैलासमोर एक पत्ता उलटा केलास, तेव्हा मी कान टवकारले, तू म्हणालीस, "हिचं नाक बघ, अगदी आमच्या प्रिन्सिपॉलचं."

तुझा नियम कडक होता. मासिकातलं चित्र नाही, मोबाइलवर शोधून छापलेलं तर नाहीच. फक्त फ्रेमच्या मागून निघालेला कागद. "पुढचं चित्र सगळ्यांनी बघून बघून झिजलेलं असतं," तू म्हणायचीस. "मागचं कुणीच बघितलेलं नसतं. वीस वर्षं अंधारात पडून असतं. स्वप्न आणि काय वेगळं असतं, मास्तर?" हे वाक्य उत्सवात कुणी म्हटलं असतं तर मी मान वळवली असती. तू चिवडा खाता खाता म्हणायचीस, म्हणून चालायचं.

आणि फ्रेमा मिळायच्या कुठे? या शहरात देवाच्या तसबिरीची काच फुटली की लोक ती कचऱ्यात टाकत नाहीत आणि घरातही ठेवत नाहीत. पिंपळाच्या पारावर, नागाच्या दगडांशेजारी नेऊन टेकवतात आणि मागे न बघता निघून जातात. आपण मंगळवारी सकाळी जायचो, कारण शनिवारी प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांची गर्दी. तू चपला काढायचीस, तसबीर मांडीवर पालथी घ्यायचीस आणि आतल्या देवाला सांगायचीस, "स्वल्प पाठ कर रे बाबा." पक्कडीने बारीक खिळे उपसून कागद काढायचा, त्याजागी त्या दिवसाचं वर्तमानपत्र घडी करून घालायचं, खिळे परत ठोकायचे आणि देव होता तिथे ठेवायचा.

"वर्तमानपत्र कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं.

"देवाला उघड्या पाठीने बसवू?"

"तू तर देव मानत नाहीस."

"मानते कुठे म्हणाले? थंडी वाजेल म्हणाले."

एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्याला पकडलं. छत्री रोखून त्यांनी कानडीत विचारलं, काय चाललंय. मी पळायच्या बेतात होतो. तू शांतपणे एकच शब्द म्हणालीस: "रिपेरी." ते गृहस्थ घरी जाऊन त्यांची स्वतःची फुटकी लक्ष्मी घेऊन आले आणि बसले शेजारी.

त्या लक्ष्मीच्या मागून काय निघालं होतं ते मी कधीच विसरणार नाही. भातावरच्या करपा रोगाचा छापील तक्ता. तूच काढलेला. खाली तुझं नाव नव्हतं, तुमच्या खात्यात ते कधीच छापत नसत, पण देठाजवळचा तिसरा डाग तू घाईत काढला होतास म्हणालीस आणि म्हणून ओळखलास. तू इतकी हसलीस की त्या गृहस्थांनी पाणी आणून दिलं. तेरावा पत्ता मृत्यूचा असतो, तो तुला दोन वर्षं सुचत नव्हता. त्यावर तू ते पान लावलंस. कवटी नाही, कोयता नाही. एक हिरवं पान आणि त्यावर डोळ्यांच्या आकाराचे तपकिरी डाग. मला ते चित्र आवडतं हे मी तुला सांगितलं नाही. मी म्हटलं, "डाग जरा जास्त झालेत." हे आता इथे दुरुस्त करतो. डाग बरोबर आहेत.

बाकीच्या पत्त्यांचीही जन्मकथा मला पाठ आहे. उलट्या टांगलेल्या माणसाच्या जागी योगासनांच्या तक्त्यातला शीर्षासनवाला आहे, तो मारुतीच्या मागून निघाला. बुरुजाची पाण्याची टाकी झाली, ती नगरपालिकेच्या कुठल्यातरी पत्रकातली. वेडा छत्री घेऊन शाळेच्या नकाशातल्या नदीवरून चालतो. कात्रणं तू जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवायचीस, पंखा एक नंबरवर लावायचीस आणि दोन-तीन दिवस तिथे जेवायची नाहीस. वाऱ्याने कागद कुठे सरकतात ते बघायचं. "मी लावलं की शहाण्यासारखं लागतं," म्हणायचीस. वाऱ्याने मोर नेमका चंद्राच्या डोक्यावर जाऊन बसला, त्या दिवशी मी तुझं कोपर पाहिलं होतं, सरोजाक्का. तू ते हलवलंस. मी तेव्हाही म्हटलं आणि तू म्हणालीस, "कोपराला पण वारा लागतो."

आता वडिलांचं.

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी सगळ्यांना सांगायचो. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा एका स्थळाकडून पत्रिका मागितली गेली. वडील ज्योतिषाचे कट्टर विरोधक. त्यांनी आईला माझी जन्मपत्रिका आणायला लावली, आईने ट्रंकेतून आणून हातात दिली, आणि त्यांनी पाहुण्यांच्या देखत ती न्हाणीघरातल्या बंबात घातली. "आमच्या घरात पाणी तापवायला एवढाच उपयोग," म्हणाले. पुढे शैलाशी माझं लग्न झालं ते पत्रिकेवाचून. ही गोष्ट मी भाषणात सांगितली आहे, मुलीच्या लग्नात सांगितली आहे, आणि तुझ्यासमोर, तुझ्या मोजणीप्रमाणे, अकरा वेळा. दर वेळी तू विचारायचीस, "मग? तापलं का पाणी?"

गेल्या वर्षी वडिलांच्या फोटोला कसर लागलेली दिसली. तू म्हणालीस, फ्रेमवाल्याकडे नको, मीच उघडून साफ करते. तो फोटो वडील गेल्यावर आईने बेळगावात करून घेतला होता, आणि आमच्याकडे आल्यापासून कुणी उघडला नव्हता. तीन दिवसांनी तू तो पुसून आणून भिंतीला लावलास. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "मागे काय निघालं?"

"काही नाही रे. रद्दी."

नऊ वर्षांत तू फ्रेममागच्या कागदाला रद्दी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा निघाला तरी तू मला फोन करायचीस. आणि हे म्हणताना तू शैलाकडे चहा मागितलास. तू कधीही मागून चहा घेतला नाहीस.

मी दोन महिने वाट पाहिली. मग तुझ्या घरी दहावा पत्ता पाहिला. भाग्यचक्र. तपकिरी कागदावर कात्रणं, वरच्या बाजूला मधोमध खारीसारखं काहीतरी, आणि सगळ्याच्या खाली निळ्या शाईने लिहिलेला एक मराठी कागद. तिरकं, बारीक अक्षर. 'ळ'चा शेवट खाली ओढलेला. माझ्या आईचा 'ळ' असाच होता.

मधुरा समोर बसली होती, तरी मी विचारलं. "हा कागद कुठला?"

"तळ्याजवळच्या पारावरचा. फुटक्या सरस्वतीच्या मागून निघाला. तू सर्दी झाली म्हणून आला नव्हतास बघ."

"नेमका मी नव्हतो त्याच दिवशी?"

"तुझ्या सर्दीची तारीख मी नाही ठरवली."

"आणि बेंगळुरूच्या सरस्वतीमागे मराठी कागद?"

"मग मी कोण आहे? आमच्यासारखी किती घरं आहेत इथे. त्यांच्या बायका लिहीत नसतील काहीच?"

"आईचं अक्षर आहे हे."

मग मी बरंच बोललो. चोरी हा शब्द वापरला. देवांच्या पाठी उघडायची सवय झाली की माणसांच्याही उघडता येतात, असंही म्हणालो. वाक्य चांगलं होतं, म्हणून म्हणालो. तू उठलीस, पत्ता पाकिटात घातलास आणि माझ्या हातात दिलास.

"घेऊन जा. सोलून बघ. खळ मैद्याची आहे, मोरचूद घातलंय थोडं. ओल्या फडक्याने सुटेल."

"तुझं चित्र जाईल."

"सरी. जाऊ दे. तुझी खात्री होईल."

मी तो घ्यायला नको होता. घेतला. आठ महिने तो सोललाही नाही आणि परतही केला नाही. रोज दुपारी भिंग घेऊन बसायचो. कागदावर जेवढं दिसत होतं तेवढं मला पाठ झालं: 'मिळाल्या', 'तिला सांगणे', 'पुन्हा तसेच'. आईची जुनी पत्रं काढून एकेक अक्षर ताडून पाहिलं. कधी जुळायचं, कधी नाही. तू शैलाला फोन करायचीस, माझी चौकशी करायचीस, आणि ती मला सांगायची, "सरोजाक्का विचारत होत्या." मी म्हणायचो, "बरा आहे म्हणून सांग." बरा असलेला माणूस असं सांगत नाही, एवढं तुला कळलं असेल. आणि मग मागच्या महिन्यात मधुराचा फोन आला.

उत्सवाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पत्ता ठेवला आणि फडकं ओलं केलं. म्हटलं, कोरमंगलाच्या भिंतीवर खोटं लिहायचं नसेल तर आधी कळायला हवं. वरचा उजवा कोपरा भिजवला, नखाने उचलला. कागद सुटायला लागला. शैला कढीपत्ता निवडत होती.

"अहो, हे काय करताय?"

मी सांगितलं.

तिने पानं बाजूला ठेवली. "त्यांनी तुमच्या फ्रेममधून काही काढलं की नाही ते बघायचंय ना तुम्हाला? मग आधी फ्रेम उघडा की."

सरोजाक्का, आठ महिने मी रोज त्या फोटोखालून गेलो होतो. पक्कड ड्रॉवरमध्ये होती. तुझं चित्र फाडायचं माझ्या मनात आलं आणि आपली फ्रेम उघडायचं आलं नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. फ्रेम उघडली असती तर प्रश्न संपला असता, आणि तुझ्यावर रागावण्यात मला हळूहळू गोडी लागली होती.

खिळे काढले. फळी उचलली. आत वर्तमानपत्र होतं, घडी घातलेलं, तू फोटो नेलास त्याच आठवड्यातलं. देवांना घालायचीस तसंच.

"सापडलीस," मी मोठ्याने म्हटलं.

"गेलेल्या माणसाला काय पकडताय," शैला म्हणाली.

वर्तमानपत्र उचललं. त्याच्या खाली, फोटोला लागून, लांब पिवळा कागद आठ घड्या घालून ठेवला होता. घड्यांवर कसर खाल्लेली. कोपऱ्यांना कुंकू. वरती गणपती, खाली तिरक्या रेघांची कुंडली, आणि चिरंजीव म्हणून माझं नाव. पाठीमागे निळ्या शाईने, आईच्या अक्षरात: 'वसंताची. जपून ठेवणे.'

तू काहीच काढलं नव्हतंस. फोटो पुसलास, कागद पुसून जागच्या जागी ठेवलास, आणि ओल लागू नये म्हणून मागे वर्तमानपत्र घातलंस.

बंबात काय जळलं ते मला माहीत नाही. जुनं पंचांग असेल, किंवा दुसऱ्या कुणाचं भविष्य. मी पत्रिका शैलापुढे धरली. शैलाने पत्रिका बघितली, दचकली मात्र नाही.

"तुला माहीत होतं?"

"इथे ठेवलीय हे नव्हतं. आहे हे माहीत होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं मला, पहिल्या वर्षीच. बघूनच आणलं म्हणे मला. सव्वीस गुण जुळले होते."

"आणि तू मला इतकी वर्षं..."

"तुम्ही ती बंबाची गोष्ट किती रंगवून सांगता," ती म्हणाली आणि पुन्हा कढीपत्ता निवडायला बसली.

म्हणजे आधी आईने, मग शैलाने, आणि शेवटी तू. तिघींनी, एकमेकींना न विचारता, माझी एक गोष्ट सांभाळली. तुला तर ती सांभाळण्यासाठी चोर व्हावं लागलं. त्या दिवशी मधुरासमोर तू एका वाक्यात मला गप्प करू शकली असतीस. 'तुझी पत्रिका आहे तिथे, जाऊन बघ.' मी पुढे कुणाला तोंड दाखवलं नसतं. तू त्याऐवजी तुझं चित्र फाडायला दिलंस. याबद्दल माणूस काय म्हणतो ते मला माहीत नाही. आभार म्हटलं तर तू चिवडा पुढे करशील. म्हणून नुसतं नोंदवून ठेवतो.

मात्र इतक्या सहज तुला निर्दोष सोडलं तर मी मी कसला.

त्या दुपारी पत्रिका आणि तुझा पत्ता टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. आणि मला दिसलं. तुझं भाग्यचक्र गोल नाही. आठ महिने भिंगातून शाई बघताना मी एकदाही भिंग बाजूला ठेवून पूर्ण चित्र पाहिलं नव्हतं. ते चौकोनी आहे. कोपऱ्यांतून कोपऱ्यांत जाणाऱ्या दोन पट्ट्या, आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार. बारा घरं. आपल्याकडची कुंडली. इथले जोशी कुंडली मांडतात ती सरळ चौकटींची, तुमच्या घरच्या पत्रिकाही तशाच, तूच एकदा दाखवल्या होत्यास. तिरक्या रेघांची तू पाहिलीस ती माझ्या वडिलांच्या पाठीमागे. पहिल्या घरात तू खार बसवलीस. माझ्या पत्रिकेत त्या घरात शनी आहे. खारीच्या तोंडावर संशयी भाव आहे हे आधी कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे.

म्हणजे कागदाला हात लावला नाहीस, आणि पाहिलंस ते सोडलंही नाहीस. माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता. फक्त मी चुकीच्या वस्तूवर धरला होता. यावर तू काय म्हणाली असतीस याची मी बरीच कल्पना करून पाहिली, पण तुझ्या तोंडी माझी वाक्यं येतात आणि व्याकरण फार शुद्ध होतं, म्हणून नाद सोडला. तू पत्रिका वाचलीस का, हे विचारायचं राहिलं. मी वाचली नाही. पहिल्या घरातला शनी आणि जन्मवेळ तेवढी दिसली. वडील सांगायचे मी सकाळी झालो. तिथे संध्याकाळ लिहिली आहे. यापुढे मी कुणाचंच काही सांगत नाही.

सुटलेला कोपरा मी चिकटवला. शैलाने मैद्याची खळ करून दिली. नीट बसला नाही. जवळून पाहिलं तर दिसतो, आणि दिसू दे.

काल मधुरा कार्ड न्यायला आली. मी बावीस चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. तिने भिंतीवर लावायला म्हणून स्वतः एक मजकूर आणला होता, त्यात 'ब्रह्मांड' हा शब्द तीनदा होता. एक मी काढला. दोन तिला हवे होते. त्यावरून आम्ही भांडलो नाही. वय झालं, आणि भांडायला एक माणूस कमी आहे.

चिठ्ठ्या तिने तिथेच उभ्याने वाचल्या. मारुतीच्या मागून. गावदेवीच्या मागून. वेंकटरमणाच्या मागून, कागदावर ओलीचे डाग. तेराव्यावर तुझं नाव लिहिलं आहे, 'मूळ चित्र: सरोजा', कारण तुझ्या खात्याने ते कधी छापलं नाही. मग दहाव्याची चिठ्ठी आली. "काका, ही दोन-दोन ठिकाणं काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, बस, सांगतो, आणि शैलाला पत्रिका बाहेर आणायला सांगितली.

चिठ्ठीवर असं आहे: 'निळ्या शाईचा कागद येलहंक्याच्या तळ्याजवळच्या पारावर, फुटक्या सरस्वतीच्या मागून. चक्राचा आकार माझ्या वडिलांच्या फोटोमागून, तिथे त्यांच्या मुलाची जन्मपत्रिका होती.'

पहिलं वाक्य मी पडताळून पाहिलेलं नाही, ते नुसत्या तुझ्या शब्दावर लिहिलं. दुसऱ्याचा पुरावा माझ्या घरात आहे. यातलं कुठलं वाक्य लिहायला मला जास्त वेळ लागला, ते तुला सांगायची गरज नाही.